विहीर गल्लीचं माप

भोसरीच्या वर्कशॉपांखाली जी वस्ती आहे, तिला तळपेठ म्हणतात. पहिला बोगदा कुणी खणला, हे आज कुणालाच सांगता येत नाही. भोसरीखाली सुरू झालेल्या तिच्या गल्ल्या एका अंगानं दिघीकडे वळतात आणि दुसऱ्या अंगानं मोशीखालून थेट इंद्रायणीच्या पात्रापर्यंत जातात. चार हजारांवर माणूस तिथं राहतो. वर जाऊन शिफ्ट करायची, खाली येऊन भाकरी खायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे.

फक्त तिथला दगड वरच्या दगडासारखा निर्जीव नाही. जिथं चूल पेटते आणि माणूस झोपतो, तिथं तो गुमान उभा राहतो. माणसं उठून गेली की मिटायला लागतो. गल्ली असेल तर रोज दोन बोटं, एकट्या माणसाची खोली असेल तर त्याच्या दुप्पट. दीड-दोन महिन्यांत जिथून सायकल जायची तिथून वारासुद्धा जात नाही. म्हणून तळपेठेत मापाडी लागतो. कुठली भिंत किती सरकली, हे रोज मोजणारं माणूस.

विजयश्री अकरा वर्षं मापाडी होती. पितळी टोपणं बसवलेली एक काठी, एक पोलादी टेप आणि एक जाड वही घेऊन ती सकाळी सायकलवर निघायची. काठी भिंतीवर तीनदा ठोकायची, आवाज ऐकायचा, मग टेप लावायचा. तिचं माप चुकलं असं कुणी कधी म्हटलं नव्हतं आणि याचा तिला थोडा अभिमानही होता.

वस्तीच्या उत्तर टोकाला विहीर गल्ली होती. दिवाळीच्या आधी तिच्या शेवटच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. वर नदी. वस्ती समितीचे प्रमुख अण्णासाहेब घाबरले आणि त्यांनी गल्लीतली सातही कुटुंबं दुसरीकडे हलवली. गल्ली आपसूक मिटू द्यायची, म्हणजे नदीची वाटच बंद होईल, असं ठरलं. तोंडाशी लोखंडी जाळी बसवली, कुलूप घातलं आणि किल्ली ज्योतीरामकडे दिली, कारण त्याची खोली जाळीच्या सगळ्यात जवळ होती.

पहिले तीन आठवडे गल्ली शहाण्यासारखी मिटत गेली. सहा फुटांची साडेतीन फूट झाली. मग एका सोमवारी विजयश्रीनं जाळीतून हात घालून नेहमीच्या खुणेवर टेप लावला, तर साडेतीनच. मंगळवारी साडेतीन. तिला वाटलं टेपच ताणला गेला असेल. तिनं घरून दुसरा आणला. गुरुवारी माप आलं साडेतीन फूट आणि दोन बोटं.

दगड मिटायचा थांबतो, तेव्हा आत कुणीतरी झोपत असतं. उघडायला लागतो, तेव्हा आत कुणीतरी चूल मांडलेली असते. याला तिसरं कारण तिनं अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती सरळ अण्णासाहेबांकडे गेली. त्यांनी वही पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. नदी येते म्हटलं की चार हजार माणूस जिन्यावर तुडवातुडवी करेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "किल्ली कुणाकडे आहे?"

"ज्योतीरामकडे."

"एकटा राहतो ना तो? परभणीकडचा?"

विजयश्री म्हणाली, "हो." त्या होकारात तिनं काही मिसळलं नव्हतं. पण परतताना सायकलवर तिच्या मनात तो एक शब्द खड्यासारखा खुळखुळत राहिला.

ज्योतीराम तिशीचा होता. भोसरीच्या एका फाउंड्रीत साचे भरायचा. तळपेठेत येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. बोलणं कमी, पण दिसलं की "ताई, चहा घ्या" म्हणायचा. आजवर त्याच्या कमी बोलण्यात विजयश्रीला काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. एवढा गप्प का असतो हा? आणि शुक्रवारी तिनं पाहिलं, तो कामाला निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन डबे होते.

एकट्या माणसाला दोन डबे कशाला?

शनिवारी पुन्हा दोन. त्याच्या पायांकडे पाहिलं तर चपला ओल्या. तसं तळपेठेत निम्म्या लोकांच्या चपला ओल्याच असतात, पण त्या दिवशी तिला फक्त त्याच्याच दिसल्या.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. धम्मरत्न चाकणला एका कंपनीत लेथवर होता. पहिली शिफ्ट करून आला की तो शांतपणे जेवायचा आणि मगच बोलायचा.

"तू त्याला आत जाताना पाहिलंस का?" त्यानं विचारलं.

"नाही. पण किल्ली..."

"मी किल्लीचं नाही विचारलं." त्यानं ताट बाजूला सारलं. "विजू, एकदा शंका घेतली ना, की माणसाच्या खोकल्याचाही अर्थ लागायला लागतो. आधी बघ, मग बोल."

तिला ते पटलं. म्हणून तिनं बघायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ज्योतीराम कामाला गेल्यावर तिनं जाळीच्या आत, हात पोचेल तिथवर, रांगोळीची पूड पसरली. पातळ, दिसेल न दिसेल अशी. कुणी आत गेलं तर पाऊल उमटणारच.

तिसऱ्या दिवशी तिनं टॉर्च मारला. पूड जशीच्या तशी होती. एक रेघ नाही. आणि भिंत आणखी चार बोटं उघडलेली.

सरळ मनाच्या माणसानं म्हटलं असतं, चला, इथून कुणी गेलेलं नाही. विजयश्रीच्या मनात मात्र आलं: त्याला कळलं. त्यानं पूड पाहिली, काम झाल्यावर हातानं पुन्हा सारखी केली. केवढा सावध आहे! पुरावा मिळाला नाही, हाच तिला पुरावा वाटला.

ती वाकलेली असतानाच मागून आवाज आला.

"ताई, काही हरवलं का?"

ज्योतीराम उभा होता. त्या दिवशी त्याची शिफ्ट उशिरा होती, हे ती विसरली होती.

"नाही. माप घेतेय."

तो जवळ आला. "चार-पाच दिवस झाले, तुम्ही मला कामून असं पाहू लागलात? संशय आहे का काही?"

"तुझ्यावर? छे." ती हसली. ते हसू तिचं तिलाच खोटं लागलं.

रविवारी सकाळी अकराला अण्णासाहेबांनी समितीच्या सभागृहात बैठक बोलावली. बातमी फुटलीच होती. विहीर गल्ली उघडतेय, नदी येणार, कुणीतरी आत लपलंय. दीडशे-दोनशे माणसं जमली. ज्योतीरामला पुढं उभं केलं.

"आत कोण राहतंय?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"मला ठाऊक नाही, अण्णा."

"किल्ली तुझ्याकडे. आणि तुला ठाऊक नाही?"

"कुलूप बसवलं तवापासून मी ते उघडलेलंच नाही."

"मग रोज दोन डबे कुणासाठी नेतोस?"

"ओव्हरटाइम चालू आहे. एक दुपारचा, एक रातचा."

मागून कुणीतरी म्हणालं, "एकट्या जिवाचा लई खर्च की राव!" सभागृहात हशा पिकला. हशा थांबायच्या आत दुसरं कुणी ओरडलं, आमची पोरं खाली झोपतात, नदी आली तर हा जबाबदार का? मग एकाचं ऐकून दुसरा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा. अण्णासाहेबांनी हात वर केला.

"विजयश्री, तुझं काय म्हणणं?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ज्योतीरामनंही. तिला म्हणता आलं असतं की मी याला आत जाताना पाहिलेलं नाही. पूड मोडलेली नव्हती, हेही सांगता आलं असतं. धम्मरत्न भिंतीला टेकून उभा होता, तोही वाट बघत होता.

"किल्ली त्याच्याकडेच असते," ती म्हणाली.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण तेवढंच पुरलं. किल्ली काढून घेतली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलं. ज्योतीरामनं भांडण केलं नाही. चार वाजता तो पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन जिना चढला. विजयश्रीच्या दारावरून गेला, पण आत बघितलं नाही. धम्मरत्न त्या दिवशी जेवला नाही. भूक नाही म्हणाला.

सोमवारी सकाळी विजयश्री मापाला निघाली. वहीत आता एक नवी ओळ होती: ज्योतीरामची खोली. रिकामी झालेली जागा मोजणं हे तिचं कामच होतं. दार उघडून तिनं टेप लावला. सहा फुटांत चार बोटं कमी. भिंतीवर कॅलेंडर राहिलं होतं आणि त्याचा एक कोपरा दुमडायला लागला होता.

मग ती विहीर गल्लीकडे गेली. कुलूप नवं होतं, किल्ली खुद्द अण्णासाहेबांच्या कमरेला. गल्ली दोन बोटं उघडली होती.

एक दिवस असर राहत असेल, तिनं मनाशी म्हटलं. मंगळवारी पुन्हा दोन बोटं. बुधवारी पुन्हा. आणि इकडे ज्योतीरामची खोली चार-चार बोटांनी मिटत चाललेली. एका हातानं उघडणारी गल्ली मोजायची आणि दुसऱ्या हातानं मिटणारी खोली. कॅलेंडर आता अर्धं चुरगळलं होतं. ज्योतीराम कुठूनतरी दुसरीकडून आत शिरत असेल, असं तिनं एकदा स्वतःला सांगून पाहिलं. पण दुसरीकडून वाट नव्हती. तळपेठेची एकूण एक वाट तिच्या वहीत होती.

दहाव्या दिवशी खोली साडेतीन फुटांवर आली. विजयश्री वही मिटून अण्णासाहेबांकडे गेली.

"किल्ली द्या. मला आत जायचंय."

"मिटत्या गल्लीत पाय टाकायचा नाही, हा नियम तुला मी सांगायचा?"

"ती मिटत नाहीये अण्णा, उघडतेय. आणि ज्योतीराम जाऊन दहा दिवस झाले."

अण्णासाहेबांनी कमरेची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. तिच्याकडे न बघताच.

धम्मरत्न सुट्टी टाकून तिच्याबरोबर आला. जाळीपाशी ती म्हणाली, "तू इथंच थांब. काही झालं तर वर सांगायला कुणीतरी पाहिजे." तिनं डोक्याला दिवा बांधला आणि आत शिरली.

गल्ली लांब होती. सात घरांची सात दारं चेपून वाकडी झालेली. कुठं चुलीची राख नाही, कुठं अंथरूण नाही, जमिनीवर तिच्याखेरीज कुणाचं पाऊल नाही. प्रत्येक दारातून तिनं दिवा फिरवला, प्रत्येक घर रिकामं. कुणी सापडावं असं तिला आता मनापासून वाटत होतं. गल्लीच्या टोकाला ती थांबली. शेवटची भिंत ओली होती. तिनं हात लावला आणि चटकन मागे घेतला.

भिंत कोमट होती.

तिनं कान लावला. आधी काहीच नाही. मग भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज, आणि कुणीतरी खोकलं.

काय करावं न सुचून तिनं सवयीनं काठी तीनदा ठोकली. पलीकडचे आवाज एकदम बंद झाले. बऱ्याच वेळानं, दगडातून आल्यासारखा, एक म्हातारा आवाज आला.

"कोन हाय?"

"मी... विजयश्री. तळपेठेची मापाडी. तुम्ही कोण?"

"आमाला इचारती कोन म्हून! आमच्या घरात आमी हाय. रोज सकाळी ठोकून ठोकून जीव खाल्ला आमचा. जागा घ्याया आलाय न्हवं?"

"कुणाची जागा? बाबा, मी फक्त भिंत मोजते."

"मोजती म्हंजी घ्यायालाच की!" हा आवाज बाईचा होता. मग पहिला आवाज तिला दटावत म्हणाला, "सोजरे, गप. इचारू दे तिला."

विजयश्री तिथंच ओल्या जमिनीवर बसली. अर्धा तास भिंतीशी बोलत बसली. कोंडाजी आणि सोजरबाई नदीच्या पलीकडचे, चिंबळीखालच्या एका जुन्या बोगद्यातले. त्यांचे पाचपंचवीस उंबरे होते. चाकणला कंपन्या वाढल्या तशी पोरं वर राहायला गेली, एकेक घर मिटत गेलं. उरले हे दोघं. महिन्याभरापूर्वी धाकटा लेकही कुरुळीला फ्लॅटात गेला तेव्हा त्यांचं राहतं घर मिटायला लागलं. म्हणून त्यांनी चूल आणि खाट मागच्या कोपऱ्यात, याच भिंतीला लागून हलवली. त्याआधी तिथं फक्त मोरी होती.

"मोरी?" विजयश्रीनं विचारलं.

"व्हय. धुणं, न्हाणं तितंच. पानी जातं कुटं तरी फटीत."

विजयश्रीनं भिंतीवरचं पाणी बोटावर घेतलं आणि हुंगलं. साबणाचा वास होता. दिवाळीआधी सात कुटुंबांनी जीव मुठीत धरून जिच्यापायी घरं सोडली, ती नदी म्हणजे सोजरबाईचं धुण्याचं पाणी होतं. तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही आवरताना तिला ठसका लागला.

"काय झालं गं?" पलीकडून सोजरबाई म्हणाली. पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात.

"काही नाही, मावशी. एका माणसाला मी घराबाहेर काढलं. तुमच्यापायी."

"आमच्यापायी? आमी काय केलं?"

"तुम्ही काहीच नाही केलं," विजयश्री म्हणाली.

त्याच दुपारी समितीपुढं तिनं सगळं सांगितलं. भिंतीचं, पाण्याचं, मग रांगोळीच्या पुडीचंही. पूड मोडली नव्हती हे मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही, असं तिनं सरळ म्हटलं. ज्यांनी हशा पिकवला होता ते खाली बघत राहिले. अण्णासाहेब घसा खाकरून म्हणाले, "होतं असं. माणूसच आहोत. त्याला निरोप धाडू."

"निरोप नको. मी जाते."

तो दिघीला आहे हे फाउंड्रीतून कळायला चार दिवस गेले, मग तिनं भोसरीतून शेअर रिक्षा धरली. ज्योतीरामनं एका चाळीत पत्र्याची खोली घेतली होती. तो दारातच बसून शर्टाला बटण लावत होता. तिला बघून उठला नाही, पण "बसा" म्हणाला. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो बटण लावत राहिला.

"दोन डब्यांचं मात्र तू बैठकीत नीट सांगायला हवं होतंस," ती शेवटी म्हणाली. बोलताना काहीतरी आधार धरावा, तसं ते वाक्य तिच्या तोंडून निघालं.

त्यानं दोरा दातानं तोडला. "सांगितलं होतं. ओव्हरटाइम आहे म्हटलं होतं. तुम्ही दोन हातांवर बसल्या होतात."

तिला आठवलं. शब्द न् शब्द आठवला.

"परत ये," ती म्हणाली. "खोली मी उघडते."

"इथं खिडकी आहे," ज्योतीराम म्हणाला. "सकाळी ऊन येतं." आणि शर्ट झटकून आत गेला.

विजयश्री परतली आणि दुसऱ्या दिवशीपासून तिनं आपला स्वयंपाक ज्योतीरामच्या खोलीत हलवला. अडीच फुटांच्या फटीत स्टोव्ह मावेना, म्हणून दाराशी मांडला. दोन्ही वेळच्या भाकऱ्या तिथंच थापायची. दुपारी माप संपवून आली की भिंतीला पाठ लावून तिथंच झोपायची, एका कुशीवर, कारण दुसऱ्या कुशीवर वळायला जागा नव्हती. धम्मरत्न शिफ्टवरून आला की ताट घेऊन तिथंच बसायचा. लोक येता-जाता बघायचे. कुणी म्हणायचं, बाईला वेड लागलं. पाचव्या दिवशी दगड मिटायचा थांबला. नवव्या दिवशी एक बोट उघडला. दोन माणसांच्या उबेनं दगड लवकर ऐकतो, असं नंतर सोजरबाईनं तिला भिंतीपलीकडून सांगितलं. त्या दोघींचं आता रोज बोलणं व्हायचं. वर्कशॉपमधल्या चौघांनी छिन्न्या आणून विहीर गल्लीच्या शेवटच्या भिंतीत हातभर भोक पाडलं होतं, त्यातून सोजरबाई एकदा वाटीभर कुळथाचं पिठलंही देऊन गेली. म्हातारी आपलं घर सोडून अलीकडे यायला मात्र तयार नव्हती. "तुमची मानसं आमाला ठावं न्हाईत," म्हणायची. तिच्या मोरीचं पाणी नळी टाकून दुसरीकडे काढलं. सातांतली तीन कुटुंबं गल्लीत परत आली. बाकीची आली नाहीत.

खोली पुरी उघडायला दोन महिने लागले. पुढच्या रविवारी ज्योतीराम पेटी घेऊन जिना उतरला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. धम्मरत्न मात्र दर आठवड्याला दिघीला जाऊन त्याच्याबरोबर चहा घेत होता, हे विजयश्रीला तेव्हा कळलं. अण्णासाहेबांनी जाळीची किल्ली पुढं केली. त्यानं हात मागे घेतला.

"किल्ली नको, अण्णा. दुसऱ्या कुणाला द्या."

सोमवारी विजयश्री मापाला गेली. दार उघडं होतं. तिनं बाहेरूनच विचारलं, "येऊ का?"

"या मॅडम," ज्योतीराम म्हणाला.

दोन वर्षांत त्यानं तिला ताईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. ती क्षणभर उंबऱ्यावरच थांबली, मग आत गेली. तो बाहेर जाऊन उभा राहिला, तिचं काम होईपर्यंत. तिनं काठी ठोकली, टेप लावला, वहीत लिहिलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"सहा फूट. पूर्ण."

त्यानं मान हलवली. ती सायकल घेऊन पुढच्या दाराकडे निघाली.